मोहाडीचा सायलेन्सर

रविवार, संध्याकाळ

हाताचा ग्रीसचा वास अजून गेला नाही. बाबांची जुनी मोटरसायकल आज तीन वर्षांनी चालू झाली. सायलेन्सर गंजून गळून पडला होता आणि तसा नवा कुठेच मिळेना. शेवटी मोहाडीच्या कुसुमकाकूंनी त्यांच्याकडचा दिला. काका, म्हणजे बाबांचे मित्र, वारल्यावर त्यांची गाडी भंगारात गेली, पण सायलेन्सर तेवढा काकूंनी लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. का ठेवला असेल? विचारायचं धाडस झालं नाही. त्याला एका बाजूला मोठा पोचा आहे.

सकाळी बसवताना सायलेन्सर धरून ठेवणारा क्लॅम्प दोन बोटं मागेच राहत होता. ओढला आणि पाइप चिरला तर? दुसरा कुठून आणणार? शेजारचे रिटायर्ड वेल्डर राऊतभाऊ बघत होते. म्हणाले, "जबरदस्ती कायले करून राहिला? पट्टी लावू." लगेच लोखंडी पट्टी बनवून जोडून दिली. पोचाही ठोकून काढतो म्हणाले. मी नको म्हटलं.

मग गाडी थेट मोहाडीला नेली. आवाज ऐकूनच काकू दारात आल्या. पोच्यावर हात ठेवणार, तोच मी ओरडलो, "काकू, गरम हाये!"

त्या हसल्या. मग काकांबद्दल म्हणाल्या, "त्याईनं मले कधी मागं बसवलं नाही. पडशीन म्हणत. तू बसव ना."

त्यांना गावच्या तळ्यापर्यंत नेऊन आणलं. खरं तर आभार मानायला मी गेलो होतो. उतरल्यावर म्हणाल्या, "किती हळू चालवतो बापा तू!"