पाहुणीचं मनगट

अहो वकीलसाहेब,

कागद ओळखीचा वाटतोय ना? घरकामगार नेमणुकीचा करार आहे. व्याख्यानं देत तुम्ही तो गावभर वाटता, आपल्याकडे मात्र तो डब्यांखाली अंथरलेला होता. त्याच्याच रकान्यांत लिहिते आहे, म्हणजे एकदाचा भरला तरी जाईल.

कामगाराचे पूर्ण नाव: नऊ वर्षं ती आपली भांडी घासते आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. मलाही आज सकाळी दवाखान्यात तिलाच विचारावं लागलं.

कामाचे स्वरूप: काल तुमच्या कायद्याच्या पुस्तकांवरची धूळ पुसताना ती स्टुलावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, तर टाय सरळ करत तुम्ही म्हणालात, "घरी आलेल्या पाहुण्या आहेत." धन्य आहे तुमची! नोंदणी नाही, विमा नाही, हे झाकायला एवढंच सुचलं?

रजा: सहा आठवडे, भरपगारी. औषधपाणी आपल्याकडे. हे मी शाईने लिहिलं आहे.

राहण्याची सोय: तिला आणायला निघाले आहे. पाहुणी तर पाहुणी, ती तुमच्या अभ्यासिकेत राहील. तुमच्या फायली हॉलमध्ये हलवा. भांडी सिंकमध्ये पडली आहेत, ती तुम्हीच घासा. पाहुणीला कोणी कामाला लावत नाही.

मालकाची सही: जागा मोकळी सोडली आहे. आम्ही येईपर्यंत सही करा आणि दवाखान्यात फोन करून खरं काय ते सांगा.

तेवढंही जमणार नसेल, तर चहाचं आधण ठेवा. पाहुणी बिनसाखरेचा घेते.