आईच्या हजची भिंत

३ जून, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. ही कोणासाठीही नाही. कलावंत वाचकाकडे बघून लिहायला लागला की संपला. मी तर प्रेक्षकासाठीसुद्धा काही करत नाही, आणि प्रेक्षकांनीही आजवर माझ्यासाठी काही केलेलं नाही. हिशोब चुकता.

आई काल हजला गेली. घर सांभाळायला आणि भिंत रंगवायला म्हणून मला कैरोहून बोलावून घेतलं. इस्नापासून अर्ध्या तासावरचं हे आमचं गाव. इथे माणूस मक्केहून परतायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवून तयार लागते: काबा, उंट, विमान, खाली नाव आणि साल. बाबांनी जन्मभर हेच केलं. आसपासच्या सगळ्या हाजींच्या भिंती त्यांच्याच हातच्या. सगळे उंट सारखे आणि सगळे हसरे. ही कला नव्हे, हे मी सातव्या वर्षीच ओळखलं होतं.

गाडीत बसता बसता आई म्हणाली, रिफात, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींसाठी निळा रंग खलला, शिडी धरली. आता एक भिंत माझी होऊ दे बाबा. तुझे वडील असते तर तोंडाने सांगायची वेळ आली नसती. मी म्हटलं, निर्धास्त जा. ती ४ जुलैला येणार. चुना तिनेच जाण्याआधी मारून ठेवला आहे, म्हणजे निम्मं काम झालंच.

४ जून
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज शंभर रेषा. रोज दोन पानं चिंतन. गावातल्या कोणाशीही कलेबद्दल न बोलणे.

साडेदहाला उठलो. रेषा अकरा झाल्या. बारावी वाकडी आली, आणि मग लक्षात आलं की तीच काय ती खरी, आधीच्या अकरा नुसत्या आज्ञाधारक. अशा वेळी थांबावं. थांबलो.

६ जून
चिंतन. चित्र काढणं म्हणजे डोळ्यांची चाकरी. लिहिणं म्हणजे त्याच चाकरीचं रजिस्टर. शरीर तेवढं स्वतंत्र. म्हणून तर मी परफॉर्मन्स आर्टकडे वळलो. कॉलेजात ड्रॉइंगच्या पेपरात दोनदा नापास झालो म्हणून वळलो, असं माझी बहीण इन्साफ सगळ्यांना सांगते. परीक्षक कोण होते ते ती सांगत नाही.

शेजारची उम्म गाबिर भाकरी घेऊन आली. बसल्या बसल्या विचारलं, उंट कधी काढतोस? मी म्हटलं, अजून भिंतीचा विचार चाललाय. ती म्हणाली, तुझे बाबा जेवायच्या आत अख्खा काफिला उभा करायचे. आणि भिंत कुठे पळून जात नाही रे, पण आई यायची आहे. असल्या वातावरणात चिंतन होत नाही. भाकरी खाऊन झोपलो.

१३ जून
केवळ प्रयोग म्हणून कागदावर उंट काढून पाहिला. पहिला टेबलासारखा दिसला, दुसरा आजारी टेबलासारखा. कागद हलका आहे. शिवाय इथला एकही उंट पाच मिनिटं एका जागी उभा राहत नाही. सहाव्यानंतर स्वच्छ कळलं की मी उंटाच्या पलीकडे गेलेलो आहे.

इस्नाहून इन्साफचा फोन. भिंतीचा फोटो पाठव म्हणाली. मी म्हटलं, सध्या प्रोसेस चालू आहे. ती म्हणाली, प्रोसेस नको, उंट पाठव. पलीकडच्या गावच्या पेंटरला बोलवू का? मी तिला बजावलं की त्या रंगाऱ्याने भिंतीला बोट लावलं तर मी त्याच दिवशी कैरोला निघून जाईन. ती बराच वेळ गप्प होती. मोह झाला असावा.

१९ जून, दुपारी
सुचलं. काढायचंच नाही.

भिंत पांढरीच ठेवायची. तिच्यासमोर मी तीन दिवस बसणार: मौन, काळे कपडे, कानात कापूस. मागे खुर्च्यांच्या ओळी. प्रत्येकाने कोऱ्या भिंतीवर आपापला हज पाहावा. नाव, ‘अनुपस्थिती’. बाबांनी लोकांना आयते उंट दिले, मी त्यांना उंटांपासून सोडवणार. फोन स्टँडवर लावून सगळं रेकॉर्ड करायचं आणि कैरोच्या महोत्सवाला पाठवायचं. तिथल्या ज्या लोकांनी मला तीनदा नाकारलं त्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

२१ जून
तयारी. खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बदावीकाकांकडे गेलो. साठ खुर्च्या, तीन दिवस, दारासमोर. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, कोणासाठी रे? मी म्हटलं, आईसाठी. त्यांनी छातीवर हात ठेवला, आगाऊ पैसे घेतले नाहीत आणि म्हणाले, मुलगा असावा तर असा, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीस. संयम हा माझ्या कामाचा कणाच आहे, पण तो खुर्चीवाल्याला दिसावा याचं नवल वाटलं.

तिथून कॉफीवाल्याकडे. साखरेचा चहा प्यायला की माणूस बडबडतो, म्हणून कडू कॉफीच सांगितली, बिनसाखरेची, तिन्ही दिवस. त्याने उठून टीव्हीवरची मॅच बंद केली. अडाणी माणूस, पण कलेपुढे नमतो.

जाहिरात करणार नाही. ज्याला यायचं तो येईल.

२३ जून, संध्याकाळी ७
यश. दुसरा शब्द नाही.

नऊला बसलो. दहापर्यंत बाराजण. दुपारच्या नमाजानंतर साठही खुर्च्या भरल्या आणि माणसं दाराबाहेर उभी. कोणी बोललं नाही, कोणी फोन काढला नाही. कैरोच्या गॅलरीत माझ्या कामाला सातजण आले होते, त्यातले चौघे बाथरूम शोधत होते. इथे प्रत्येकजण येऊन माझा हात दोन्ही हातांत धरायचा आणि कानाशी काहीतरी बोलायचा. कापसामुळे ऐकू आलं नाही, पण कौतुकाचे शब्द सगळीकडे सारखेच. काहींचे डोळे ओले होते. गावचा उम्दा, म्हणजे इथला पाटील, जो लग्नातसुद्धा पाच मिनिटं टेकत नाही, तो अर्धा तास कोऱ्या भिंतीसमोर मान खाली घालून बसला.

मशिदीतले शेख अब्दुल आखिर न बोलावता आले आणि कोपऱ्यात बसून ओठ हलवत राहिले. सहकलाकार मला चालत नाहीत, पण त्यांचा ताल बरा दिसला. बायका काळ्या कपड्यांत घरात गेल्या, म्हणजे माझी रंगसंगती न सांगता कळली. उम्म गाबिरने भिंतीला कवटाळून स्वतःचे गाल बडवले. इतकी थेट प्रतिक्रिया मी पॅरिसच्या व्हिडिओंतही पाहिलेली नाही. संध्याकाळी घराघरांतून जेवणाची ताटं आली. साधकाला जेवू घालायची ही रीत मी विसरूनच गेलो होतो.

आत्मपरीक्षण: या गावाला मी कमी लेखलं. अडाणी कैरो आहे.

२४ जून, दुपारी ३
आज अकराच्या सुमारास इन्साफ आली. गाडीतून उतरली ती ओरडतच, आणि माझ्या पायाशी कोसळली. मी दोन मिनिटं मौन सोडलं नाही. एवढी शिस्त किती जणांकडे असते? मग तिने माझ्या कानातला कापूस ओढून काढला आणि विचारलं, कधी गेली? मला का नाही कळवलंस? मी विचारलं, कोण? ती म्हणाली, आई.

साठ खुर्च्या करकरल्या.

मी म्हटलं, आईला काय झालंय, ती मक्केत आहे. ही माझी कृती आहे, कोऱ्या भिंतीवरची. उम्म गाबिर म्हणाली, दारात खुर्च्या आणि कडू कॉफी इथे मयतालाच असते रे. मग उम्दाने माझा स्टँडवरचा फोन उचलून हातात दिला आणि म्हणाला, लाव, सगळ्यांना ऐकू येईल असा. लावला. तीनदा वाजून बंद झाला. त्या तीन वेळांत मला खरंच वाटलं की ती गेली. चौथ्यांदा इन्साफने लावला.

आईने उचलला. म्हणाली, अरे ओरडू नका, मी जेवणाच्या रांगेत आहे. भिंत झाली का माझी?

साठजणांनी ऐकलं. मी म्हटलं, होत आलीये.

त्यानंतर बदावीकाकांनी माणसं बसलेली असतानाच खुर्च्या उचलायला सुरुवात केली. शेख माझ्याकडे न बघता गेले. उम्दा म्हणाला, पुढच्या वेळी तुझी कला करायची झाली तर आधी डॉक्टरचा दाखला दाराला लाव. उम्म गाबिर आतून ताटं परत घेऊन गेली, त्यातल्या एकात मी अर्धवट जेवलो होतो.

२६ जून
शांतपणे विचार केला. प्रेक्षक रडले, नंतर चिडले. एकाच कृतीतून दोन्ही. याला अपयश म्हणणारा माणूस चिकित्सक नव्हे.

रेकॉर्डिंग तपासलं. कॅमेरा उलट्या बाजूने चालू होता. पहिला सगळा दिवस नुसती माझी हनुवटी. स्वतंत्र कृती म्हणून पाठवायला हरकत नाही.

२ जुलै
इन्साफने मला न विचारता पलीकडच्या गावच्या पेंटरला फोन केला. तो म्हणाला, ज्या दारात जिवंत बाईचा शोक केला त्या भिंतीला मी ब्रश लावत नाही, बाई. म्हणजे रंगारीसुद्धा आता भूमिका घ्यायला लागले. इन्साफ एवढंच म्हणाली, आता तूच. आणि इस्नाला निघून गेली.

संकल्प: उद्या पहाटे पाच. उंट, विमान, नाव, साल. एका दिवसात.

३ जुलै, दुपारी ४
ऊन. माशा. निळा रंग गुठळ्या धरतोय, खलायला माणूस नाही.

ही रोजनिशी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला उंट येत नाही. विमान येत नाही. कधीच येत नव्हतं. बाबांना माहीत होतं. एकदा माझा कागद बघून ते काही बोलले नाहीत, नुसता परत दिला.

४ जुलै
आई आली. तिला पाहायला जो तो धावला, बायका तिचे हात चाचपून बघत होत्या. ती कोणालाही काही विचारत नव्हती. सगळ्यांच्या मधून वाट काढत घरासमोर आली आणि भिंतीपुढे उभी राहिली. कितीतरी वेळ. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, चुना छान बसलाय. मग म्हणाली, दमला असशील, नंतर काढ.

७ जुलै, संध्याकाळी
सकाळी भिंत रंगवली. काबा जमला, कारण तो चौकोन आहे. नाव लिहिताना शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोपऱ्यात गेली. उंटांना मी हात लावला नाही आणि तो विषय आईनेही काढला नाही. विमान मात्र काढावंच लागलं. पंख खाली वळले, पोट सुटलं. दुपारी लोक जमले. बदावीकाका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, काय रे हे, खिडक्यांचा मासा?

माझ्याकडे उत्तर होतं. आकाराच्या मुक्तीबद्दल मी तासभर बोलू शकलो असतो. पण त्याआधी आई उंबऱ्यातून म्हणाली, जहाज आहे ते. मी जहाजाने गेले होते.

बदावीकाकांनीच तिला आपल्या गाडीने विमानतळावर सोडलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, हां, जहाजच की. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

सगळी पापं मक्केत धुऊन येऊन तिला अजून तीनच दिवस झालेत. पहिलं खोटं माझ्यासाठी बोलली, तेही भर गर्दीत, पापणी न हलवता. मला तिच्याकडे बघवेना.

सगळे गेल्यावर ब्रश घेतला आणि विमानाखाली पाणी काढलं. तेही धड आलं नाही, नुसते फराटे. कोणी विचारलंच तर ती सांगेल की त्या दिवशी समुद्र खवळलेला होता.