बिजलीचा सुस्कारा

आदरणीय भैय्याजींच्या पायांवर कोराडीहून शालिकरामचं डोकं. (दीड महिन्यापूर्वी भरून आलेल्या मांड्या अजून सुटल्या नाहीत, त्यामुळे वाकणं सध्या अर्धंच जमतं, ते तुम्ही पूर्ण समजून घ्यावं. मांड्यांचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची साखर या खेपेला किती आली, सावनेरच्या वावरात कापूस वेचायला बाया मिळाल्या की नाही, हे सगळं सविस्तर कळवावं. आम्ही इकडे खुशाल आहोत. हा शब्द मी चौदा महिन्यांनी खरा म्हणून लिहितो आहे, म्हणून मुद्दाम कागद घेतला. (शिवाय फोनवर मी काय बोलतो ते स्वयंपाकघरात जसंच्या तसं पोचतं.)

तुमच्या बहिणीची स्कूटी आमच्या वीज केंद्राच्या रस्त्यावर सांडलेल्या राखेवरून घसरली आणि कोळशाचा ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला, तेव्हा तुम्ही भेटायला आलाच होता. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही, म्हणून आपण सगळ्यांनी हुश्श केलं. पण गोपिकाने मात्र त्या दिवशी जो श्वास आत ओढला तो बाहेर सोडलाच नाही, असं मला आता वाटतं. त्यानंतर तिने एकटीने रस्ता ओलांडला नाही. समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही मीच. घरात एकटीला करमेना आणि बाहेर पाऊल पडेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं; ती घ्यायची आणि तसाच धरून बसायची.

अशात आमच्या करिष्माने पुण्याहून माझ्या साठीची भेट पाठवली : घोडेस्वारीचे बारा धडे. दोष माझाच आहे. घोडा आपल्या रक्तातच आहे असं मी लेकीला लहानपणापासून सांगत आलो. (माझे आजोबा रामटेकला टांग्याने जात, एवढाच त्याला आधार.) आता नाही म्हणावं तर साठ वर्षांची अब्रू जाते. गोपिका एकटी घरी राहीना, म्हणून तिलाही घेतलं. ऑटोत ती डोळे मिटून, माझं मनगट धरून बसली. सावनेर रोडवर आत वळल्यावर एक मोकळं मैदान आहे, लाकडी कठड्याचं गोल रिंगण, चार घोडे आणि शिकवणारी दामिनी नावाची पोरगी. वय असेल सत्तावीस. आवाज असा की आमच्या कंट्रोल रूममध्ये असती तर भोंगा लागलाच नसता.

मला दिलेल्या घोडीचं नाव बिजली. नाव ऐकून मी परतीचा ऑटो शोधायला लागलो, पण ती निघाली भारनियमनातली बिजली. झाडाखाली डोळे अर्धे मिटून उभी. मी रिकिबीत पाय घातला, दोघांनी मागून रेटलं, आणि वर पोचलो. भैय्याजी, जमिनीवरून घोडा जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट तो वरून असतो. खाली काहीतरी जिवंत आहे, गरम आहे, आणि त्याला स्वतःचं मत आहे. माझ्या मांड्या आवळल्या, खांदे कानाला लागले, श्वास छातीत अडकला. बिजलीने डोळे उघडले. कान मागे टाकले. दामिनी शांतपणे म्हणाली की तुम्ही श्वास धरला की तिला वाटतं जवळपास वाघ आहे. तुम्ही सोडाल तर तीही सोडेल. तर काका, श्वास सोडा. चौतीस वर्षं मी बॉयलरमध्ये हवा किती जाते आणि धूर किती बाहेर पडतो यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. स्वतःच्या छातीची झडप काही सापडेना. दामिनी म्हणाली, मोठ्याने आकडे मोजा. मी तीनपर्यंत गेलो. मग गाणं म्हणायला सांगितलं. मला एकही गाणं आठवेना, आरतीसुद्धा नाही.

बिजली मागे सरकू लागली. एक पाऊल, दोन पावलं, मग तिची पाठ माझ्याखाली थरथरायला लागली. दामिनीने लगाम धरला होता, पण घोडीची मान वर गेली आणि मी मनातल्या मनात तुम्हा सर्वांचा निरोप घेतला. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर कोणाचा तरी हात पडला. खाली पाहिलं तर गोपिका. कठड्याखालून वाकून, पदर खोचून, सरळ रिंगणात आली होती. कोथिंबिरीसाठी रस्ता न ओलांडणारी बाई घोडीच्या चार पायांजवळ उभी होती.

"घेऊ नका," ती म्हणाली. "आधी सोडा. आहे तेवढा सगळा सोडा."

आणि ती भुलाबाईचं गाणं म्हणायला लागली. तुमच्या अंगणात ती लहानपणी म्हणायची म्हणतात ते, एकेक ओळ शेपटीसारखी लांबवत. लग्नाच्या सदतीस वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. ओळ लांबवायची म्हणजे श्वास सोडतच राहावा लागतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी तिच्यामागे ओढत गेलो, बेसूर. तिसऱ्या ओळीला माझे खांदे खाली आले. आणि मग बिजलीने मान खाली घातली आणि नाकातून असा लांब, थरथरता सुस्कारा सोडला की रिंगणातली धूळ उडाली. तिची पाठ माझ्याखाली पोळीच्या कणकेसारखी मऊ झाली. गोपिका रडत होती, पण श्वास घेत होती आणि सोडत होती, घेत होती आणि सोडत होती. मी मंदिरांत पुष्कळ उभा राहिलो आहे भैय्याजी, पण असे हात आपोआप जुळले नव्हते.

पुढच्या रविवारी दामिनीने तिला विचारलं, काकू, बसता का? मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती बसलीही होती. आता सहा रविवार झाले. चाल शिकली, दुडकी शिकली. नवे भित्रे लोक आले की दामिनी तिलाच पुढे करते. मागच्या आठवड्यात नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीतला सौरव नावाचा धिप्पाड इंजिनिअर घोड्यावर पांढराफटक पडला होता. ही त्याच्या रिकिबीला हात लावून दोन फेऱ्या चालली, भुलाबाई म्हणत. तो खाली उतरला आणि तिच्या पाया पडला. घरी मात्र मला पूर्वीसारखंच बोलते, हे कळून तुम्हाला बरं वाटेल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.
आपला,
शालिकराम

ता. क. : माझे बारापैकी अकरा धडे आता तीच वापरते. घोडा माझ्या रक्तात आहे, हे करिष्माकडे तसंच राहू द्यावं.

ता. क. २ : खरं काम हे. गोपिका येत्या बुधवारी सकाळच्या बसने एकटी तुमच्याकडे येणार म्हणते. तुम्ही घ्यायला स्टँडवर जाऊ नये. घरीच बसावं आणि रोज येत असल्यासारखं दार उघडावं. मी लगेच मागच्या बसने येईन आणि तिची परतीची बस सुटेपर्यंत स्टँडवरच थांबेन. तिला काहीही कळता कामा नये. पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देतो आहे, पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे आणि आता तिला ते आवडतं.

दादा, पाकीट यायनं नीट चिकटवलं नव्हतं, म्हणून वाचलं. मागच्या बसचं मले ठाव नाही, असंच राहू दे. यायले वाटून राहिलं तर येऊ दे. फक्त बारा वाजता कोणाले तरी स्टँडवर धाड आन् यायले घरी बोलावून घे. भाकरी दोघांच्या टाकजो म्हणा वयनीले.
— गोपी