जेबेझचा पेला

५ जानेवारी १९३१
आले एकदाची रॅव्हन्सगिलला! ‘काळा एडका’ आता मी चालवणार. तीनशे वर्षांचा पब. गावची लग्नं इथंच जुळतात, भांडणं इथंच मिटतात. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा कथलाचा पेला खुंटीला टांगलेला असतो. म्हाताऱ्या इनॉकनं गावाच्या वतीनं मलाही एक दिला. वर टोमणा, “बाई, बिअर पातळ चालेल, हात आखडता नको.” नवरा गेल्यापासून मला कुणी आपलं म्हटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

८ जानेवारी
आज सगळ्यांना माझ्याकडून एकेक पेला. एक पेला उलटा टांगलेला होता, काळाठिक्कर. तोही घासून भरला आणि कुणाचा म्हणून विचारलं. सगळे गात होते, ते गाणं तिथंच थांबलं. इनॉकनं तो दोन बोटांत धरून बाहेरच्या बाकावर ठेवला, दाराला कडी घातली. सकाळी पेला रिकामा होता.

९ जानेवारी
इनॉकची सून विनी अंडी द्यायला आली, तिनंच सांगितलं. जेबेझ थोर्नवर मेंढ्या चोरल्याचा आळ होता. गावानं वाळीत टाकलं. हिमवादळात तो पबचं दार ठोठावत राहिला. तरण्या इनॉकनं कडी घातली आणि आतले सगळे मोठ्यानं गाऊ लागले. सकाळी तो उंबऱ्यावर मेलेला. मेंढ्या नंतर बर्फाखाली सापडल्या. तेव्हापासून त्याचा पेला उलटा. विनी म्हणाली, कडी घातलेलं ते दार त्याला अजून ओलांडता येत नाही. पण मी त्याचा पेला भरून त्याला पाजलं, आता तो पुन्हा गिऱ्हाईक झाला, येत राहणार.

१२ जानेवारी
इनॉकचा भाऊ टोबी गेला. लख्ख उन्हात, कुंपणापाशी गोठून. ओठांवर बिअरचा फेस. त्या वादळात तोही गात होता म्हणे.

१४ जानेवारी
आणखी एक म्हातारा तसाच गेला. पाववाला मला पाव देत नाही. विनीही मान वळवते.

१६ जानेवारी
हिमवादळानं दुपारीच अंधारलं. सगळं गाव पबात शिरलं. मी कोळसा आणायला बाहेर आले आणि — कडी. इनॉकनंच.
“तू त्याला पाजलंस, आता तूच त्याला सांभाळ.”
ठोठावतेय. आत गातायत. विनीचा आवाजही —
वही खिशातच होती, पण लिहायला बोटं वळत नाहीत. बाकावर शेजारी कुणीतरी. त्यानं पेला माझ्या हातात दिला. कढत आहे.
त्याला एवढं एकच दार ठाऊक. पण पिंपं उतरवायची तळघराची झडप मागं आहे, किल्ली माझ्या कमरेला.
मला कुणाचीच कीव येत नाही.
झडप उघडली. वर अजून गातायत. जेबेझ, आधी तू. इनॉक शेकोटीजवळ बसतो, डावीक—