खिळ्यावरचा उष्टा नान

शनिवार, १४ ऑक्टोबर

नाही, मी कुरकुर करत नाहीये. एका रात्रीसाठी घराबाहेर पडायचं तर एवढा तमाशा कशाला, एवढंच माझं म्हणणं. सून इंतिझोर पहाटेपासून तंदूरशी. मुलगा शोनाझर गाडी धूत होता. धुळीतच जायचं तर धुवायची कशाला? मी ट्रक चालवण्यात जन्म काढला, एकदा धुतला असेल नसेल. रोज गाडीच्या वहीत चार ओळी लिहायची सवय तेव्हाची, ती तेवढी सुटली नाही. म्हणून हे.

निघताना सुनेने माझ्यापुढे गरम नान धरला. म्हणाली, बाबा, घास तोडा. मी म्हटलं, अगं, मी काय सैन्यात चाललोय? पण नानावरचा ठसा बघितला. पोशाजानचा ठसा. मधोमध डाळिंबाचं फूल. ती, माझी बायको, गेल्यापासून तो लाकडी ठसा कोणी हातात घेतला नव्हता. मी ट्रक घेऊन निघालो की ती असाच नान धरायची. मी घास तोडायचो, उरलेला ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगायची, आणि परत आलो की तोच कडक नान चहात बुडवून मी संपवायचो. ज्याचा उष्टा नान जिथे टांगलेला, त्याला तिथे यावंच लागतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

दातांनी घास तोडला. उरलेला सून आत घेऊन गेली. तंदूरच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं. सूनही डोळे पुसत होती. धूर फार होता.

खरं तर मी आलो ते नातीसाठी. सनोबर सात वर्षांची. वसंतात ही तिघं इथेच, या सारीक-कलाच्या कोटात, मुक्काम करून गेली. तेव्हापासून पोर हसत नाही. बोलत नाही. दाराच्या चौकटीत उभी राहून रस्त्याकडे बघते. घरचा नान तोंडात घातला की थुंकते. वाळत चाललीय नुसती. डॉक्टर म्हणे, रक्त उत्तम आहे. त्याला काय जातंय म्हणायला. शोनाझर म्हणाला, तिथे नेलं की बरी होईल बाबा, पण तुम्हीही चला, तुमच्याशिवाय नको. तुमच्याशिवाय नको! ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

गाव ठीक आहे. उंटाच्या रंगाचे मातीचे तट, आत गल्ल्या. गाडी तटाबाहेर लावली, खरबूज घेतलं. शोनाझर सांगेल ती किंमत द्यायला निघाला होता, म्हणून मीच भांडलो. उतरलोय ते घर पश्चिम दरवाज्याला लागून. घरची बाई बिकाजान, माझ्याच वयाची असेल, बोलायला साखर. मला बघून म्हणाली, आलात का एकदाचे, वाट बघून डोळे गेले माझे. मी म्हटलं, बाई, आपली ओळख नाही. ती हसली.

एक गोष्ट खटकली. पाहुण्याचे जोडे घरच्यांनी बाहेर तोंड करून ठेवायचे, म्हणजे निघताना पाय घातला की झालं. तिने सगळ्यांचे फिरवले, माझेच तेवढे आत तोंड करून राहू दिले. वय झालं असेल. माझे मीच फिरवले.

ओसरीच्या भिंतीवर खिळ्यांना उष्टे नान टांगलेत, ओळीने. पोरं रशियात कामाला गेली असतील. त्यातला एक अगदी बशीएवढा, त्याला इवलासा चावा, मधला एक दात पडलेल्या तोंडाचा. सनोबर आल्या आल्या त्याच्यासमोर जाऊन बसली, उठेचना. मी बिकाजानला म्हटलं, हे कोणाचं पोर एवढ्या वयात परमुलखात धाडलंत? म्हणाली, उद्या उतरवायचाय तो.

रविवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

सनोबर हसली!

बिकाजान तिला चहात नान बुडवून भरवत होती. पोरीने सगळा खाल्ला, कण ठेवला नाही. मग आपल्या आजोबाकडे, माझ्याकडे बघून म्हणाली, बोबो, तुमच्या मिशीला साय लागलीय. सहा महिन्यांनी आवाज ऐकला तिचा. शोनाझर तोंड फिरवून रडला. सून माझा हात धरून बसली, सोडेचना. मी म्हटलं, अगं, चहा पिऊ देशील का मला?

आता तिघं मिनार बघायला गेलीत. माझे गुडघे पायऱ्यांना नाही म्हणतात, मी थांबलो. जाताना शोनाझरने मिठी मारली. मिनार बघायला जाताना कोणी बापाला मिठी मारतं का? हल्ली सगळ्याचंच नाटक.

अंगणातल्या कट्ट्यावर काही म्हातारी माणसं येऊन बसलीत. काल नव्हती. मी सलाम केला. एकानेही मान वळवली नाही. सगळी भिंतीवरच्या नानांकडे बघतायत. पुढ्यात चहाच्या वाट्या, काठोकाठ भरलेल्या. पीत कोणीच नाही.

रविवार, दुपार

अजून आली नाहीत. बघायला निघालो तर माझे जोडे पुन्हा आत तोंड करून.

वेशीचा दरवाजा घराला लागून आहे. कोपरा वळलो, की समोर बिकाजानचंच दार. म्हटलं चुकलो. उलट्या बाजूने गेलो. पुन्हा तेच दार. ज्याने ताश्कंदच्या बाजारातून ट्रक मागे घेऊन काढला, तो माणूस या चार गल्ल्यांत चुकतो?

शेवटी गुडघ्यांना शिव्या देत तटावर चढलो. खाली कापसाच्या शेतांमधला रस्ता. आमची पांढरी गाडी. चालली होती, घराकडे. मागच्या काचेत सनोबर. तिने मला बघितलं आणि हात हलवला. तिला वाटलं असेल, बोबो निरोप द्यायलाच वर चढलेत.

ओरडलो. गाडी जरा हळू झाली. मग परत वेगात.

शोनाझरचा फोन बंद.

रविवार, संध्याकाळ

तो लहान नान खिळ्यावर नाही. पोरीने सकाळी खाल्ला तो तोच. मधला दात तिचा वसंतात पडला होता — मीच तर छपरावर फेकला होता. कसं सुचलं नाही मला —

त्याच खिळ्याला आता मोठा नान आहे. मधोमध डाळिंबाचं फूल. चाव्याला डावीकडे फट. माझे डावे दात नाहीत.

हा आमच्या स्वयंपाकघरात हवा होता. सुनेने पिशवीत घालून आणला. गाडीत ती पिशवी माझ्याच मांडीवर होती. वास येत होता. मला वाटलं, वाटेत खायला घेतलाय.

सोमवार

बिकाजानने काही लपवलं नाही. कालपर्यंत मला अहो-जाहो करायची, आज अरे-तुरेवर आली. वसंतात पोरीने खेळताखेळता इथला नान चावला, म्हणाली, आणि घराने तो ठेवून घेतला. तो उतरवायचा तर त्याच रक्ताचा दुसरा टांगावा लागतो. शोनाझर स्वतःचा आणायला निघाला होता म्हणे. मग घरात बोलणं झालं. कमावता कोण आहे, आणि कोण नाही.

मी एकच विचारलं. घास फसवूनच घ्यावा लागतो का? मला सांगितलं असतं तर चाललं नसतं?

म्हणाली, छे रे, नानाला काय कळतंय. सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलंही होतं त्यांना, विचारा की म्हाताऱ्याला.

विचारलं असतं तर मी धावत —

धावत आलो असतो. पोशाजानचा ठसा काढायची गरज नव्हती. तो तरी ठेवायचा.

सोमवार, नंतर

म्हणाली, खाऊन टाक तुझा नान, अजून मऊ आहे. मग वाट सापडेल तुला. पण रिकामा खिळा आधीच्याला परत ओढतो, एवढं लक्षात ठेव.

उतरवला. मांडीवर घेतला. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या, पहिल्यांदाच. त्यांचे डोळे —

नको.

तोंडापर्यंत नेला. डाळिंबाचं फूल. मिशीला साय लागलीय, म्हणाली होती पोर.

परत टांगला. मीच. माझ्या हाताने.

वार ठाऊक नाही

दाढी वाढत नाही. भूक नाही. बिकाजान चहा ओतते, तो तसाच — काठोकाठ — गरमच राहतो.

जोडे फिरवायचं सोडलं.

मान भिंतीकडेच राहते. लिहायला वळवावी लागते. जड —

आज

पाहुणे आले. नवराबायको, एक वाळलेला मुलगा, एक म्हातारी. सून म्हातारीचा हात सोडत नाही. बिकाजानने जोडे फिरवले. म्हातारीचे नाही.

मुलगा भिंतीसमोर जाऊन बसलाय.

म्हातारी माझ्या शेजारी. बडबडी. पोरं फार करतात हो माझं, म्हणाली, तुमच्याशिवाय नको म्हणून अडून बसली. मग वर बघून, अहो भाऊ, हे उष्टे नान कोणाचे?

तोंड उघडलं मी. दारात तिचा मुलगा, त्या पोराचा बाप. माझ्याकडे बघत होता. मग त्याने तोंड फिरवलं, शोनाझरसारखंच —

तिला विचारायला हवं होतं. कोणीतरी. आणि तो पोरगा तिथे, भिंतीशी, इवलासा —

बाही ओढतेय माझी. परत विचारतेय. भाऊ, सांगा ना —

नाही. मला विचारू नका. मी काही सांगणार नाही.