तुम्ही दिलेली जबान मी मोडली

शबूचे अब्बा,

सलाम घ्या. जवाब नाही दिलात तरी चालेल. जिवंत होता तेव्हा तरी कुठे वेळेवर देत होता!

आज कागद घेऊन बसले, कारण तुमच्याशी भांडायला दुसरी जागा नाही. गावी असते तर कबरस्तानच्या दगडी गडग्यापाशी उभी राहून सुनावलं असतं. इथं रियाधला बाईला आत पाऊल टाकू देत नाहीत. तुम्हाला माती देऊन आलेली पोरं सांगतात, कबरीवर नाव नाही, नुसती वाळू आणि एक दगड. शेजारी तसेच शेकडो दगड. तुमचा कुठला ते आता त्यांनाही नीट आठवत नाही. मग मी ओरडू कुणावर? चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले होते, ती अक्षरं आज कामाला आली. शबू म्हणाली, "अम्मी, दे, मी लिहिते." म्हटलं, गप बस, नवरा माझा आहे.

तर ऐका. आज जमातीचा इस्माईलभाई आला होता. त्याला मी दारातूनच हाकलला. तुम्ही जमातीसमोर दिलेली जबान मी मोडली. हे आधी सांगून टाकते. बाकीचं नंतर.

असली जबान देताना तुमची जीभ अडखळली कशी नाही हो?

बत्हा बाजारातल्या त्या खोलीत आपल्या गावचे पुरुष दर जुम्म्याला जमतात. मशिदीचा पत्रा कधी बदलायचा, कुणाच्या बहिणीचं कुठे जमवायचं, कुणाच्या बांधावरून भांडण, सगळं तिथं डाळभाताबरोबर मिटवायचं. मिटवा. माझं काही म्हणणं नाही. पण पोरीचं शिक्षण तिथं कशाला नेलंत? ती काय मशिदीचा पत्रा आहे?

आणि नेलंत ते नेलंत, विचारलंत काय? तिचं एम.एस्सी.चं दोन ठिकाणी जमलं होतं, दोन्ही अमेरिकेत. तुमच्या त्या शहाण्या जमातीनं कॉलेज कसलं ते विचारलं नाही, पुढे डॉक्टरकीला घेतील का ते विचारलं नाही. विचारलं काय, तर त्या शहरात आपलं कोण आहे! एका शहरात इस्माईलभाईचा साडू निघाला. झालं! पोरगी साडूच्या घरी राहील, नजरेखाली राहील, मासे मिळतील. वर तो कोर्स दोन वर्षांचा, म्हणजे एक वर्षाच्या कोर्सपेक्षा डिग्री मोठी! तुम्ही सगळ्यांच्या हातात हात देऊन आलात. सद्दामची लढाई सुरू व्हायच्या आधीचा जुम्मा तो. आणि घरी एक शब्द बोलला नाहीत. बायकोला कळवायचं तरी! मी काय शेजारीण होते?

त्या दोन कोर्सांत फरक काय, तो शबूनं तुम्हाला सांगायला सुरुवात केली की तुम्ही रेडिओचा आवाज वाढवायचात. मी आता बसून ऐकला. नवरा गेल्यावर इद्दतीत बसलेल्या बाईनं घराबाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, मग करायचं काय? पोरीला म्हटलं, मला समजेल असं सांग, इंग्लिश मारलंस तर लाटणं मारीन.

तेव्हा समजलं. बारावीला तिचे मार्क थोडक्यात हुकले, मुंबईला होस्टेलवर राहून बी.एस्सी. केलं ते सेकंड क्लास. एवढ्यावर तिला डॉक्टरकीला कुणी उभं करणार नाही. मार्क पुसता येत नाहीत. त्यावर नवे मार्क ठेवावे लागतात. दोन वर्षांच्या कोर्सात प्रयोग करायचे, निबंध लिहायचा. चांगला आहे, नोकरीही लागेल. पण तिथं जवळजवळ सगळ्यांनाच चांगले मार्क देतात, म्हणून डॉक्टरकीवाले ते फारसे धरत नाहीत. आणि त्या शहरातलं मेडिकल कॉलेज बाहेरच्या देशातल्या पोरांना घेतच नाही. तिच्या शिकागोच्या मामानं फोन करून विचारलं. साडूच्या घरचे मासे खाऊन कुणी डॉक्टर होतं का?

एक वर्षाचा कोर्स मेडिकल कॉलेजच्या आतच आहे. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांच्या वर्गात बसायचं, त्यांचाच पेपर द्यायचा. त्यांच्यात वरती आली तर ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील की ह्या पोरीला झेपतं. बाहेरच्यांना ते घेतात, थोड्या जागा आहेत, पण घेतात. खाली आली तर खलास. मग कुठलंच दार उघडणार नाही.

तुम्ही ह्या 'खलास'ला भ्यालात. मला माहीत आहे. साडूबिडू नंतरचा. ॲम्ब्युलन्स चालवताना लाल सिग्नल तोडून जाणारा माणूस पोरीच्या परीक्षेला भ्याला! लाज नाही वाटली?

तुम्ही गेलात त्या संध्याकाळचं मी सगळं लिहिणार आहे. तुम्हाला आवडो न आवडो.

मगरिबची नमाज झाली आणि सायरन सुरू झाला. आपण तिघं मधल्या खोलीत शिरलो. खिडकीला प्लास्टिक, फटींना टेप, दाराखाली ओला टॉवेल. हॉस्पिटलनं तुम्हाला गॅसचा मास्क दिला होता तो एकच. तुम्ही तो शबूच्या डोक्यावरून ओढलात, ती 'नको नको' करत असताना. तेवढ्यात वर पहिला धमाका झाला. कपाटातली भांडी खाली आली. मी कलमा म्हणत होते आणि तुम्ही काय बोललात? "शबू, तुझं पक्कं झालं. दोन वर्षांवाला. मी जमातीत सांगून आलोय."

ही वेळ होती? वरून मिसाईल पडतंय आणि खाली तुम्ही हे टाकलंत!

मास्कच्या आतून ती किंचाळली. "अब्बा, आप समझते क्यों नहीं? वो लोग मुझे डॉक्टर बनाएँगे क्या?" नळातून आवाज यावा तसा आवाज. तुम्ही म्हणालात, "बापाशी हिंदीत बोलतेस?" ती म्हणाली, "तुम्ही इस्माईलभाईचेच अब्बा व्हा मग!" आणि तुम्ही हात उचललात. थप्पड बसली मास्कच्या काचेवर. हात तुमचाच सुजला. दुसऱ्या वेळी ती हसली असती, मीही हसले असते. मी हातातला टॉर्च तुमच्यावर फेकला. तो खांद्याला लागून भिंतीवर फुटला. दुसरा धमाका झाला, घर गदगदा हललं, टेप उखडली, आणि आपण तिघं अंधारात एकमेकांवर ओरडत होतो. सद्दामला आपली गरजच नव्हती. आपणच एकमेकांना पुरे होतो.

सायरन थांबला. हॉस्पिटलचा फोन आला, गाडी काढ. तुम्ही बूट चढवलेत, दारात उभे राहिलात. शबूनं मास्क काढून पुढे केला. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. "राहू दे तिलाच," असं मला म्हणालात. मला! पोरगी समोर उभी होती. तिला एक शब्द टाकला असता तर काय झिजलं असतं?

परत सायरन झाला तेव्हा तुम्ही रस्त्यावर होता. सगळी माणसं पिसाटल्यासारखी गाड्या पळवत होती. एक पिकअपवाला सिग्नल तोडून सरळ तुमच्या दारावर आला. ज्या गाडीतून तुम्ही लोकांना उचलून नेत होता, तिचाच पत्रा कापून तुम्हाला बाहेर काढलं. पेपरवाले लिहितात, आज इतकी मिसाईल आली, इतकी वरच्या वर फोडली. तुम्ही त्यात नाही. तुम्हाला मिसाईल लागलं नाही, म्हणून तुम्ही लढाईत मेला नाहीत. असं असतं होय? मग कशात मेलात?

जमातीच्या खोलीवरच्या पोरांनी तुम्हाला खांदा दिला. किती दिवस आमच्याकडे जेवण पाठवलं. ते मी नाकारत नाही, मरेपर्यंत नाकारणार नाही. पण इस्माईलभाई त्यात नव्हता. पहिला सायरन झाला तशी बायकापोरांना गाडीत कोंबून तो जेद्द्याला पळाला होता. लढाई संपल्यावर आला, आणि आला तो थेट तुमची जबान मागायला.

दार मी उघडलं नाही. मी आतून, तो बाहेरून. बरोबर खोलीवरचा एक माणूस होता, साक्षीला आणलेला.

"भाभी, सबर करा," इस्माईलभाई म्हणाला.

"करते आहे. कामाचं बोला."

"साडूचा फोन होता. पोरीची खोली तयार ठेवलीय म्हणतो. मरहूमनी जमातीसमोर जबान दिली होती. मरहूमची जबान म्हणजे वसियत."

"वसियत मरायला टेकलेला माणूस करतो, इस्माईलभाई. हे तर तुमच्याकडे चहा पीत होते."

बाहेर तो साक्षीदार खोकला. हसूच असणार ते.

"जवान पोरगी परक्या शहरात एकटी राहणार? तुम्हाला चालेल?"

"रियाधवर मिसाईल पडत होती तेव्हा एकट्याच होतो की आम्ही. तुम्ही जेद्द्यात होता. तिकडे समुद्राची हवा कशी होती?"

मग त्याचा आवाज बदलला. "भाभी, आज ना उद्या तुम्हाला गावीच जायचंय. इथं राहायचा परवाना, इकामा, मरहूमच्या नावावर होता. आता देश सोडायचा खुरूजचा शिक्का लागेल, विमानात बसाल, गावच्या स्टँडवर उतराल. तिथंही जमात आहे. मय्यतीला माणसं लागतात, निकाहाला लागतात. कोणी आलं नाही तर?"

अहो, तिथं माझं डोकं फिरलं! मी दुखात आहे, माझा नवरा वाळूत आहे, आणि हा माणूस माझ्या मय्यतीची भीती मला घालतो? खलबत्ता शेजारीच होता. बत्ता उचलला आणि दारावर हाणला. एकदा, दोनदा. फळी उभी चिरली. बाहेर चपलांचा रॅक आडवा झाल्याचा आवाज आला. इस्माईलभाई मागे सरकताना त्यावर बसला असावा.

"ऐका," मी म्हटलं. "पोरगी एक वर्षावाल्या कॉलेजात जाणार. जबान मी मोडली. माझ्या मय्यतीला येऊ नका. मेलेल्या माणसाला कोण आलं ते दिसत नाही."

"तौबा! बाई आहे की कोण!"

"जे आहे ते तुमच्या जमातीला सांगा. यल्ला, निघा आता."

तो गेला. साक्षीदार मागे थांबला. दाराजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाभी, दार नीट करायला सुताराला पाठवू का?" आता तुम्हीच सांगा, अशा लोकांवर किती वेळ रागावायचं?

शबू आतून सगळं ऐकत होती. तिला म्हटलं, "बघतेस काय? मामाला फोन लाव. सांग, एक वर्षावालं पक्कं." हॉस्पिटल तुमचे जे पैसे देणार आहे ते ह्या कोर्साला जाणार. गावच्या घराचा पाया घातलाय, त्यावर भिंती चढणार नाहीत. गवत उगवेल. उगवू दे. मी गावच्या भावाच्या पडवीत राहीन आणि त्याच्या बायकोशी भांडत राहीन, मला सवय आहे.

शबूनं फोन लावला. बोलली. आवाज एकदम डॉक्टरासारखा, मला अर्धं कळलं नाही. फोन ठेवला आणि तिचा चेहरा पांढरा. म्हणाली, "अम्मी, मी त्यांच्यात खाली आले तर? अब्बांची जबान पण गेली, घर पण गेलं, आणि मी पण नापास. मग?"

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, "आधी जेव." भात वाढला. जवाब दिला नाही. माझ्याकडे तेव्हा नव्हता.

आता आहे, तो तुम्हाला लिहून देते. तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

पोरीवर मी हात उचलणार नाही आणि कोणाला उचलू देणार नाही. 'तुझ्यापायी घर गेलं' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, कितीही चिडले तरी. ती डॉक्टर झाली तर गावच्या स्टँडवर उभी राहून सांगीन, ही ह्यांची पोर, बापावर गेली. नाही झाली तर सांगीन, माझी आहे, हिला मीच त्या कोर्साला घातलं होतं, बोला काय बोलायचं ते माझ्याशी.

तुमची
शबूची अम्मी