साडेछत्तीस अंश

४ मार्च, मंगळवार

निधी नाही. चार ओळींचं पत्र.

डॉक्टरबाईंनी उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं, मग आम्हाला वाचून दाखवलं. ‘उष्णतेवरील या संशोधनाचा प्रत्यक्ष लष्करी कारवायांशी असलेला संबंध पुरेसा स्पष्ट होत नाही.’ पैसे यंदा थंडीला गेले — बर्फातले बूट, हातमोजे, गोठणारं इंजिनाचं तेल. भट्टीवाला म्हणाला, थंडीचा वशिला मोठा, ती फोटोत बरी दिसते. भट्टीवाला म्हणजे आमच्या गरम खोलीचा मिस्त्री. त्या खोलीत हवं तेवढं ऊन आणि हवा तेवढा दमटपणा करता येतो. जवान अंगाला तारा लावून, पाठीवर ओझं घेऊन आत फिरत्या पट्ट्यावर चालतात, आम्ही काचेतून बघतो.

त्याच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. मग तोच थोडा हसला.

३० एप्रिलपर्यंत चालवायचं, पुढे कुलूप. माझी नोकरीही त्याच दिवशी संपेल. त्याचं एवढं नाही. ह्यांची वही अजून आलेली नाही!

५ मार्च

आधी वही येते की आधी कुलूप लागतं — सकाळपासून हेच डोक्यात.

एकदा नीट लिहून काढते, नाहीतर मनात नुसता गुंता होतो. हे सराव-मैदानावर हवामानाचे निरीक्षक होते. सकाळी आठला आणि दुपारी एकला पांढऱ्या लाकडी पेटीतल्या तापमापकाचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, फोनवर कळवायचा. नियम असा की आकडा अडतीसच्या वर गेला तर लाल निशाण चढवायचं. निशाण चढलं की ओझं घेऊन चालणं बंद.

त्या शुक्रवारी दुपारी ह्यांनी साडेछत्तीस लिहिलं. निशाण चढलं नाही. तुकडी निघाली. दोन तासांत अकरा जण पडले. हे पाण्याचे कॅन घेऊन धावले. दोघांना खांद्यावर घालून आणलं. तिसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत. दोन जवान गेले आणि हे. नऊ वर्षं झाली.

चौकशीत असं ठरलं की साडेछत्तीसला इतकी माणसं पडूच शकत नाहीत, म्हणजे आकडाच चुकीचा वाचला. ‘निरीक्षकाची हलगर्जी.’ दोन शब्दांत माणूस संपवला.

डॉक्टरबाई उलट म्हणतात. आकडा खरा असेल आणि नियमच खोटा असेल. हवा दमट असली की घाम वाळत नाही, मग साडेछत्तीसलाही माणूस आतल्या आत शिजतो. नियमात दमटपणाचं नावसुद्धा नाही. ‘ताई, चौकशीवाल्यांनी नियमावर विश्वास ठेवला, माणसावर नाही,’ असं त्या मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मोरीत बरण्या धूत होते. हात तसेच साबणाचे राहिले.

९ मार्च, रविवार

लग्न झालं तेव्हा मी सहावी शिकलेली होते. पुढचं सगळं माझं मीच. आधी पुडीचे कागद, मग लेकीची पुस्तकं, मग वाचनालयातून दर आठवड्याला दोन. संस्थेत लागले तेव्हा केराच्या टोपलीतले अहवाल वाचायची. ‘आर्द्रता’ शब्द पहिल्यांदा तिथेच भेटला. शब्दकोशात पाहिला — ओलेपणा! एवढ्या सोप्या गोष्टीला केवढा मुंडावळ्या बांधलेला शब्द.

एकदा डॉक्टरबाईंनी मला वाचताना पकडलं. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला. तेव्हापासून चौदा मैदानांच्या जुन्या वह्या मी संगणकावर चढवते आहे. तेरा झाली. चौदावं ह्यांचं. त्या वर्षाची वही चौकशीच्या कागदांत बांधलेली आहे. तीन पत्रं गेली, उत्तर नाही.

१४ मार्च

अपील करता येतं. मुदत ३० एप्रिल.

डॉक्टरबाईंचं म्हणणं, समितीला तक्ते दाखवून उपयोग नाही, एकच घटना दाखवायची. आकडा नियमाच्या आत, वाचणारा चोख, आणि तरीही तुकडी आडवी झाली — अशी. मग कोण म्हणेल की लढाईशी संबंध नाही? शत्रू दिसायच्या आधीच अकरा माणसं खाली!

अशी घटना सगळ्या कागदांत एकच आहे.

त्यांनी मला विचारलं, ताई, तुमची हरकत नाही ना. मी म्हटलं, त्यांचा आकडा खरा होता, मी लिहून देते. त्या म्हणाल्या, तुमच्या लिहिण्याने होणार नाही, वही हवी.

१६ मार्च

लेकीचा फोन. अपिलाचं सांगितलं. ती म्हणाली, आई, पुन्हा सगळं पेपरात येईल का. तिच्या सासूने एकदा भांडणात म्हटलं होतं, दोघांचे जीव घेणाऱ्याची लेक. नंतर सासूने माफी मागितली, चांगली आहे तशी. पण लेक ते विसरली नाही. मीही.

मी म्हटलं, पेपरात आलं तर ह्या वेळी उलटं येईल.

‘तुला एवढी खात्री कशी गं?’

माणसाबरोबर सव्वीस वर्षं काढली, म्हटलं. दुधाला उकळी आली तरी घड्याळ बघून वेळ सांगणारा माणूस!

२२ मार्च

भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे. तेही त्याच मैदानावर गाडीवर होते, आता निवृत्त. चहा घेतला, पंख्याचा आवाज येतो म्हणून स्टुलावर चढून पंखा उघडला, पुसला, पुन्हा बसवला. मग खाली बघून बोलले.

‘वहिनी, जुने कागद कशाला उकरता? दादा होता तसा तुमच्यापाशी आहे ना, मग झालं.’

माझ्यापाशी असून काय उपयोग, म्हटलं, कागदावर तो हलगर्जी आहे. भाऊजी म्हणाले, कागदावर कोण धड असतं. मी चिडले. म्हटलं, तुमचा सख्खा भाऊ, चौकशीत तुम्ही ब्र काढला नाहीत, आता मला तरी काढू द्या.

ते उठले. जाताना चपला उलटसुलट घालून निघाले, पायरीवर थांबून बदलल्या. मला वाईट वाटलं. पण बोललेलं काय खोटं होतं?

२ एप्रिल

समितीतले साहेब पाहणीला. कोट घालून आले. भट्टीवाल्याने गरम खोली साडेछत्तीसवर ठेवली, दमटपणा वाढवला. साहेब दारातच थांबले. भट्टीवाला अदबीने म्हणाला, साहेब, दार उघडं राहिलं की ऊन बाहेर जातं, आत या किंवा बाहेर राहा. साहेब आत गेले. पावणेतीन मिनिटं! बाहेर आले तेव्हा कोट हातावर, चष्म्यावर वाफ. भट्टीवाला मागून मला पुटपुटला, मावशी, कोटाला आधी कळलं.

मग कचेरीत बसून त्यांनी विचारलं की ह्यातून प्रत्यक्ष लढाईत फायदा काय.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘माणसं लढाईपर्यंत पोहोचतील.’

साहेबांनी मान हलवली, वहीत लिहिलं. पण जाताना म्हणाले ते खरं — बाई, त्या मैदानाच्या प्रकरणात निरीक्षक दोषी ठरलेला आहे. दोषी माणसाच्या आकड्यावर आम्ही पैसे कसे द्यायचे? मूळ नोंद आणा, मग बघू.

मी चहाचे कप गोळा करत होते. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाई सांगणार होत्या, मी डोळ्यांनी नको म्हटलं.

३ एप्रिल

कपबशा विसळताना कालचं ‘दोषी’ आठवत होतं. किती सहज म्हणाले. जसं कोणी म्हणावं, उंच.

११ एप्रिल

उत्तर आलं. ‘सदर वही सापडत नाही.’ संपलं.

भट्टीवाल्याने दुसरी नोकरी धरली. बर्फाच्या कारखान्यात! स्वतःच सांगून स्वतःच हसला, आणि मग यंत्राच्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. अकरा वर्षं चालवली त्याने ती खोली.

१२ एप्रिल

काही नाही.

१५ एप्रिल

आज घरी कपाट आवरलं. आवरायचं काही नव्हतं. ह्यांचा एक स्वेटर आहे, तो दर वेळी काढते, झटकते, त्याच घडीवर परत ठेवते. लोक म्हणतात, दुःख कमी होतं. होत नाही. फक्त त्याची जागा ठरून जाते, घरातल्या टेबलासारखी. मग आपण अंधारातही त्याला न अडखळता फिरतो.

त्या दिवशी गेलेल्या दोन पोरांपैकी एकाची आई मला चौकशीच्या दिवशी भेटली होती. भेटली म्हणजे बाकावर शेजारी बसली होती. मी कोण ते कळल्यावर उठली, दुसऱ्या बाकावर गेली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला वही खरं तर तिला दाखवायची आहे. समितीचं मागाहून.

१७ एप्रिल

भट्टीवाला स्वतःच्या खर्चाने त्या मैदानाच्या कोठारात गेला आहे! कोणाला न सांगता. तिथला कोठीवाला त्याच्या गावचा निघाला म्हणे.

२३ एप्रिल

वही आली!

लाल फडक्यात बांधलेली, चौकशीचं सील अर्धं तुटलेलं. ‘सापडत नाही’ म्हणजे तिसऱ्या कपाटाच्या पायाखाली होती — कपाट डुगडुगतं म्हणून टेकू. भट्टीवाल्याने टेकूला वीट दिली आणि वही काढली. सांगतो कसा, मावशी, सरकारी कपाट नऊ वर्षं तुमच्या यजमानांच्या जिवावर उभं होतं.

मी हसले. मग रडले. तो यंत्र पुसायला निघून गेला.

२४ एप्रिल

डॉक्टरबाईंनी हातमोजे घालून उघडली. एका दिवसाला एक पान. आम्ही तो शुक्रवारच काढला.

दुपारी एक. तापमान ३६.५. पुढे दमटपणाचा रकाना असतो, त्यात ६८. खाली सही. कुठे खाडाखोड नाही, कुठे थरथर नाही.

डॉक्टरबाई ६८ वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ताई, हे बघा. त्यांनी लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनीच वाचलं नाही.’ साडेछत्तीस आणि अडुसष्ट एकत्र आले की ओझं घेऊन एक तास म्हणजे फार झालं. त्यांनी लगेच गरम खोलीत तेच आकडे लावायला सांगितले. भट्टीवाला म्हणाला, आता कुलूप घेऊन येऊ देत कोणीही.

पानाचा फोटो काढला. अपिलाचं पत्र सोमवारी जाणार, पहिलं पान ह्यांचं. त्यात वाक्य आहे — ‘नोंद अचूक व वेळेवर केलेली होती.’ मी तीनदा वाचलं.

लेकीला फोन केला. ती रडायला लागली. म्हणाली, आई, मी सासूबाईंना वाचून दाखवू का ते वाक्य? दाखव म्हटलं. भाऊजींनाही कळवलं. ते फक्त ‘बरं’ म्हणाले.

उद्या त्या पोराच्या आईचा पत्ता शोधायचा.

२५ एप्रिल, शुक्रवार

राहिलेली वही संगणकावर चढवायला घेतली. शुक्रवारचं पान झाल्यावर पुढचं उलटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या जागी कोण बसलं, एवढंच बघायचं होतं.

शनिवार, दुपारी एक — ३६.८. रविवार, दुपारी एक — ३७. अक्षर ह्यांचं. सही ह्यांची.

हे शुक्रवारी गेले.

गुरुवारपर्यंतची शाई निळी. शुक्रवार, शनिवार, रविवार काळी, एका बैठकीतली; मग शुक्रवारचा आकडा तरी पेटी बघून लिहिलेला की नाही, कोण जाणे. सोमवारपासून दुसरं अक्षर. त्या शनिवार-रविवारी हे घरी येणार होते. मीच बोलावलं होतं.

डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत अपिलाचं पत्र तपासत होत्या. मी वही उघडीच नेली आणि त्यांच्यासमोर ठेवली.